मते सर्वांत जास्त, जागा ३५

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करताना १८९०च्या जर्मन निवडणुकीविषयी वाचले. समाजवाद्यांना सर्वाधिक मते मिळूनही संसदेत ते मागे कसे राहिले? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : २० फेब्रुवारी १८९० रोजी राइशस्टाग म्हणजे जर्मन साम्राज्याच्या संसदेसाठी मतदान झाले, तेव्हा समाजवाद्यांना सुमारे १४ लाख २७ हजार मते पडली. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाची मते त्याहून सुमारे ८५ हजारांनी कमी होती. तरीही ३९७ जागांपैकी सेंटरला १०६ आणि समाजवाद्यांना अवघ्या ३५ मिळाल्या.

ही मतमोजणीतली लबाडी नव्हती. लाखभर वस्तीमागे एक सदस्य या हिशेबाने मतदारसंघ आखले गेले ते १८६०च्या दशकातली लोकसंख्या धरून. पुढे कारखान्यांमुळे शहरे वाढत गेली, पण सीमांना कोणी हात लावला नाही. १८९०मध्ये बर्लिनची वस्ती पंधरा लाखांच्या वर गेली होती आणि जागा होत्या सहाच, तर शाउमबुर्ग-लिप्पे हे जेमतेम चाळीस हजारांचे संस्थान एक अख्खा सदस्य निवडून देत होते. समाजवाद्यांचा मतदार प्रामुख्याने शहरांतला कामगार, म्हणजे नेमका जिथे मताचे मोल घटले होते तिथला. ग्रामपंचायतीचा निकाल ऐकायला तहसीलसमोर उभे राहिलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल : एका वॉर्डात तीनशे मतांनी निवडून येणारे पॅनल उरलेल्या दोन वॉर्डांत दहा-वीस मतांनी पडते, आणि बेरीज मोठी असूनही पंचायत दुसऱ्याची होते.

त्यात दुसऱ्या फेरीची भर. निम्म्याहून जास्त मते कोणालाच न पडल्यास पहिल्या दोघांत पुन्हा लढत होई, आणि त्यांतला एक समाजवादी असला की एरवी एकमेकांशी न पटणारे पक्ष बहुधा त्याच्याविरुद्ध एकवटत. मत देण्याचा हक्क २५ वर्षांवरील पुरुषांनाच होता (निजामाच्या राज्यात आपल्याला तेव्हा तेवढाही नव्हता), आणि मतपत्रिका सरकार छापत नसे. पक्षच त्या छापून वाटत, त्यामुळे गुप्त मतदान पुष्कळदा नावापुरतेच उरे.

या निकालाने चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, बिस्मार्कला घालवले, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्याला पाठिंबा देणाऱ्या पक्षांच्या जागा २२०वरून १३५वर आल्या हे खरे, परंतु चॅन्सेलर संसदेला नव्हे, कैसरला म्हणजे सम्राटाला जबाबदार असे, आणि मार्चमधला त्याचा राजीनामा तरुण कैसर दुसऱ्या विल्हेल्मशी बिनसल्यामुळे आला. मतदारसंघांच्या सीमा मात्र साम्राज्याच्या शेवटच्या, १९१२च्या निवडणुकीपर्यंत जवळपास तशाच राहिल्या.