कताना या जपानी तलवारीवर कारागिराचं नाव कोरलेलं असेल, तर ती अस्सल मानावी का?

नाही, नुसत्या नावावरून अजिबात नाही. नामवंत लोहारांची खोटी नावं कोरण्याचा उद्योग जपानमध्ये शतकानुशतकं चालला. अशा सहीला तिथे ‘गिमेइ’ असा वेगळा शब्दच आहे. उलट कित्येक उत्तम जुन्या तलवारी पुढे आखूड करताना मुठीच्या बाजूने कापल्या गेल्या आणि खरी सही त्यातच गेली, म्हणून बिनसहीची तलवार कमअस्सल समजू नका.

आधी बांबूची खुंटी काढून मूठ उतरवा आणि आत लपलेला पात्याचा भाग पाहा, सही तिथेच असते. जुना गंज काळपट तपकिरी, घट्ट बसलेला असतो आणि अक्षरांच्या खाचांतही तोच रंग दिसतो. खाचा चकचकीत किंवा गंज नारिंगी, भुसभुशीत असेल तर शंका घ्या. तो गंज कृपा करून घासू नका! वयाचा तो मोठा पुरावा असतो, एकदा गेला की परत येत नाही.

पक्का निर्वाळा तज्ज्ञांचाच. १९४८ साली स्थापन झालेली टोकियोची एनबीटीएचके ही जपानी तलवारींच्या जतनासाठीची संस्था पातं प्रत्यक्ष तपासून ‘होझोन’ या सर्वांत खालच्या दर्जापासून ‘तोकुबेत्सु जुयो’ या सर्वोच्च दर्जापर्यंतची प्रमाणपत्रं देते. मात्र जपानमधलं सरकारी नोंदणीपत्र म्हणजे अस्सलपणाचा दाखला नव्हे. ते फक्त तलवार बाळगण्यापुरतं असतं. विक्रेता तेवढंच दाखवत असेल तर थांबा.