मारिबेलला कोणी अडवलं?

प्रश्न : मेक्सिकोच्या फुटबॉलपटू मारिबेल डोमिंगेझला म्हणे पुरुषांच्या टीमने साइन केलं होतं, खरंय का? मग खेळली का नाही?

उत्तर : हो, अगदी खरंय. २००४ च्या शेवटी सेलायाने, म्हणजे मेक्सिकोतल्या सेकंड डिव्हिजनच्या पुरुषांच्या क्लबने तिला घेतलं आणि फिफाने सरळ नाही म्हणून सांगितलं, पुरुषांचा आणि बायकांचा फुटबॉल वेगळाच राहायला हवा म्हणे! मला आजही याचा राग येतो, कारण लहानपणी मुलांमध्ये खेळायला मिळावं म्हणून ही पोरगी मुलगा असल्याचं भासवायची. पण ती थांबली नाही, २००५ मध्ये बार्सिलोनाच्या महिला टीमकडून खेळली आणि २०११ च्या वर्ल्डकपमध्ये न्यूझीलंडविरुद्ध गोलही मारला. मेक्सिकोत बायकांची प्रोफेशनल लीग मात्र थेट २०१७ ला सुरू झाली.