अंदमानच्या जंगलात माकडं, बिबटे का नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे: "अंदमानात आठ दिवस राहिलो. इतकं दाट जंगल, पण माकड नाही, बिबट्या नाही, साधा कोल्हाही नाही. दिसली ती फक्त रॉस बेटावरची चितळं. जंगल एवढं असून प्राणी इतके कमी कसे? आणि पुन्हा गेलो तर पाहायचं काय?"

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि बेटांचा विषय मला फार जवळचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. रॉसवरची चितळं मूळची तिथली नाहीतच. इंग्रजांनी ती अंदमानात नेऊन सोडली. त्यांच्याविषयी पुढे सांगते.

जंगल असलं म्हणजे जनावर असणारच, असं आपल्याला वाटतं, कारण आपल्याकडे जंगलाला जंगल लागून असतं. ताडोबातला वाघ चालत चालत दुसऱ्या जिल्ह्यात जातो. बेटावर मात्र आधी पोचावं लागतं. नकाशा उघडून बघा. पोर्ट ब्लेअरहून चेन्नई सरळ रेषेत जवळपास १,३५० किलोमीटर लांब आहे. सगळ्यात जवळची मोठी जमीन म्यानमारची, आणि तीही उत्तर टोकापासून अडीचशे किलोमीटरहून लांब. हे पाणी कोण ओलांडणार? पक्षी आणि वटवाघळं उडत जातात. नारळ तरंगत जातो. नेच्यांचे बीजाणू वाऱ्यावर जातात. कोळ्याची पिल्लंसुद्धा रेशमाचा एक धागा सोडून वाऱ्याबरोबर समुद्र पार करतात. सरपटणाऱ्यांची कातडी कोरडी, उपास सोसायची ताकद मोठी, त्यामुळे पुरात वाहून आलेल्या ओंडक्यावर ते तग धरतात. १९९५ साली कॅरिबियन समुद्रात दोन चक्रीवादळं झाली आणि त्यानंतर उन्मळलेल्या झाडांच्या ढिगावर बसून किमान पंधरा हिरवे इग्वाना अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला लागले. त्या बेटावर ही जात त्याआधी नव्हती. माणसांनी हे डोळ्यांनी पाहिलं, म्हणून मला ही घटना वर्गात सांगायला आवडते.

बिबट्याला किंवा माकडाला रोज पाणी लागतं, अन्न लागतं. शिवाय नुसतं पोचून भागत नाही, नर-मादी दोघांनी पोचायला हवं. म्हणून अंदमानातले मूळचे सस्तन प्राणी म्हणजे मुख्यतः वटवाघळं, उंदीर आणि चिचुंद्र्या. फार तर एक उदमांजर. आता गंमत पाहा. निकोबारात माकडं आहेत! ग्रेट निकोबार, लिटल निकोबार आणि कच्छल या बेटांवर लांब शेपटीची, किनाऱ्यावर खेकडेही खाणारी माकडं राहतात. निकोबारचं दक्षिण टोक सुमात्राच्या बाजूला आहे आणि तिथले बरेच जीव सुमात्राकडचे नातलग आहेत. अंदमान आणि निकोबार यांच्यामध्ये दीडशे किलोमीटर रुंद टेन डिग्री चॅनल आहे, तो माकडांना ओलांडता आला नाही. एकाच केंद्रशासित प्रदेशातले हे दोन द्वीपसमूह प्राण्यांच्या हिशेबाने दोन वेगळे देश आहेत.

झाली ती अंतराची बाजू. दुसरी बाजू क्षेत्रफळाची. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६३ साली एका लेखात आणि १९६७ साली पुस्तकात हे सूत्र मांडलं. बेटावर नव्या जाती येत राहतात आणि असलेल्या नाहीशा होत राहतात. बेट लांब असेल तर येणं कमी. बेट लहान असेल तर जाणं जास्त, कारण लहान बेटावर प्रत्येक जातीचे मोजकेच जीव मावतात आणि एखादं वादळ, एखादा दुष्काळ त्यांचा शेवट करतो. बेट भरत जातं तसं नवं येणारं कमी होतं, जाणारं वाढतं, आणि कुठेतरी दोन्ही समसमान होतात. ढोबळमानाने क्षेत्रफळ दहापट झालं तर जातींची संख्या साधारण दुप्पट होते, दहापट नव्हे.

यातली खरी धक्कादायक गोष्ट मुलांना सांगताना मी हजेरीपटाचं उदाहरण देते: पटसंख्या तीच राहते, नावं बदलतात. २७ ऑगस्ट १८८३ ला इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि उरलेल्या बेटावरचं सगळं राखेखाली गेलं. नऊ महिन्यांनी गेलेल्या शोधकाला तिथे एक कोळी सापडला, बस्स. पण १९०८ पर्यंत जमिनीवरचे १३ जातींचे पक्षी तिथे नांदत होते. १९१९ ते २१ च्या पाहणीत ते २७ झाले आणि १९३२ ते ३४ च्या पाहणीतही २७ च. मात्र मधल्या काळात काही जाती गेल्या होत्या आणि तेवढ्याच नव्या आल्या होत्या. हे पटत नसेल तर फ्लोरिडातला प्रयोग आहे. विल्सन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल सिम्बरलॉफ यांनी १९६६ च्या सुमारास खारफुटीची काही इवलीशी बेटं तंबूसारखी झाकली आणि धुरी देऊन त्यावरचे सगळे किडे-कोळी मारले. वर्षभराच्या आत बहुतेक बेटांवर जातींची संख्या जवळपास पूर्वीइतकी झाली. जे बेट सगळ्यात लांब होतं, तेच मागे राहिलं. आणि परत आलेल्या जाती पुष्कळशा वेगळ्या होत्या.

पण या सूत्राने अंदमान पूर्ण समजत नाही, असं माझं ठाम मत आहे. संख्या कमी म्हणजे मोल कमी असा समज त्याने होतो. जे थोडे जीव पोचले, ते हजारो-लाखो वर्षं मूळ कुटुंबापासून तुटून राहिले आणि वेगळे झाले. नारकोंडम नावाचं ज्वालामुखीचं बेट आहे, जेमतेम सात चौरस किलोमीटरचं. नारकोंडम धनेश हा पक्षी जगात फक्त तिथे आहे, आणि तेही मोजकेच. त्या एका बेटावर रोग किंवा वणवा आला तर दुसरीकडून भर पडायची सोय नाही.

इथे चितळं येतात. चितळ खाणारं जनावर अंदमानात नाही, त्यामुळे त्यांची संख्या वाढत गेली आणि जंगलातली कोवळी रोपं, झुडपं ती फस्त करत आहेत. झुडपं गेली की त्यांच्या आधाराने राहणारे सरडे आणि पालीही कमी होतात. तुमच्यासारखीच मीही रॉसवर चितळाला हाताने खाऊ घालणाऱ्या पर्यटकांच्या घोळक्यात उभी होते आणि मलाही ते गोड दिसलं, म्हणून तुम्हाला दोष देत नाही. दुसरा पाहुणा तुमच्या अगदी ओळखीचा आहे. आपल्याकडे पहिल्या पावसात शेतात पिवळाधमक होऊन डरांव डरांव करणारा मोठा बेडूक गेल्या काही दशकांत माणसांच्या हातून तिथे पोचला. बहुधा मत्स्यशेतीच्या पिल्लांबरोबर. त्याचे बेडूकमासे तिथल्या मूळच्या बेडकांचे बेडूकमासे खातात. बेडकाला खारं पाणी सोसत नाही, म्हणून त्याने स्वतःहून पोचणं जवळपास अशक्यच होतं. अंतर हे बेटाचं कुंपण होतं, ते आपल्या बोटींनी पाडलं.

एक गोष्ट आपल्या घराजवळची. बेट व्हायला समुद्रच लागतो असं नाही. निलगिरी आणि पळणीच्या माथ्यांवरची शोला जंगलं खालच्या उष्ण सपाटीने वेढलेली आहेत. या दोन डोंगरांमधल्या पालक्काडच्या खिंडीच्या उत्तरेला आणि दक्षिणेला जमिनीलगत फिरणारे दोन छोटे निळसर पक्षी आहेत, दिसायला भावंडं, पण जाती दोन. कोकणातले जांभ्याचे सडे, म्हणजे खडकाळ पठारं, हीही अशीच. पावसाळ्यात सड्यावर जी रोपं उगवतात, ती खालच्या आमराईत सापडत नाहीत.

आता पाहायचं काय. माकडं शोधू नका. सकाळी दहाच्या सुमारास, ऊन वर आल्यावर, गेस्टहाऊसच्या मागच्या केळीच्या पानांकडे नीट बघा. पाठीवर तांबूस ठिपके असलेली एक हिरवीगार पाल दिसेल, दिवसाउजेडी फिरणारी. ती फक्त अंदमानात आहे आणि तिचे जवळचे भाईबंद पार मादागास्कर, मॉरिशसकडे आहेत. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चहा गार झाला.