लंडनला येताय? आधी नोकरी आणि एसक्यूई (सॉलिसिटर होण्याची परीक्षा), मग एमबीए

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यात सात वर्षं कंपन्यांच्या करारांचं काम केलंय, वकिलीची सनद आहे, मिस्टरांची कंपनी त्यांना लंडनला पाठवतेय, तर तिथे पोचल्यावर लगेच पार्टटाइम एमबीएला प्रवेश घ्यावा का, आणि वकिलीत त्याचा उपयोग होतो का?

उपयोग होतो. पण लगेच घेऊ नका. लंडनमध्ये पहिली नोकरी मिळवून देणारी ही पदवी नव्हे. नोकरीत दोन-तीन वर्षं काढल्यावर वरच्या जागेसाठी ती कामी येते. क्रम उलटा केला तर पैसे जातात, शिवाय सीव्ही वाचणाऱ्याला कळत नाही की समोर वकील आहे की वकिली सोडायला निघालेला माणूस.

आधी व्हिसा. मिस्टरांच्या कागदावर नेमकं काय लिहिलंय ते बघा. बदलीवर येणाऱ्या बऱ्याच जणांना स्किल्ड वर्कर हा नेहमीचा नोकरीचा व्हिसा नाही, तर ग्लोबल बिझनेस मोबिलिटी या कंपनीअंतर्गत बदलीच्या योजनेतला ‘सीनियर ऑर स्पेशालिस्ट वर्कर’ व्हिसा मिळतो. दोन्हींवर जोडीदाराला नोकरी करता येते, शिकताही येतं. फरक असा की बदलीच्या व्हिसावरून थेट कायमच्या वास्तव्याकडे जाता येत नाही, आणि पगार फार मोठा नसेल तर सहा वर्षांत पाचच वर्षं राहता येतं. तुमचा व्हिसा त्यांच्याच व्हिसाला बांधलेला. कंपनीने त्यांना परत बोलावलं की तुमचं अर्धं एमबीए इथेच राहतं. स्वतंत्र स्टुडंट व्हिसा काढून पार्टटाइम शिकायचा विचार मात्र डोक्यातून काढा: त्या व्हिसावर पार्टटाइम विद्यार्थ्याला काम करायची परवानगीच नाही, आणि शिक्षण संपल्यावरचा ग्रॅज्युएट व्हिसाही मिळत नाही.

आता परवान्याचं. इथे सनदेशिवायही कायद्याचं बरंच काम करता येतं, हे भारतातल्या वकिलांना चटकन पटत नाही. लीगल सर्व्हिसेस ॲक्ट २००७ ने सहाच प्रकारची कामं राखीव ठेवली आहेत: कोर्टात उभं राहणं, दावा चालवणं, मालमत्तेचे ठरावीक दस्त, प्रोबेट (मृताच्या मालमत्तेसाठी कोर्टाची परवानगी), नोटरीचं काम आणि शपथ देणं. करार लिहिणं, तपासणं, वाटाघाटी करणं यांत येत नाही. त्यामुळे काँट्रॅक्ट मॅनेजर किंवा लीगल काउन्सेल (कंपनीचा पगारी वकील) म्हणून पहिल्या महिन्यापासून अर्ज करा. फक्त स्वतःला सॉलिसिटर (इथला परवानाधारक वकील) म्हणवून घेऊ नका; तो गुन्हा आहे.

सोबत एसक्यूईची तयारी. पहिल्या टप्प्यात दोन पेपर, प्रत्येकी १८० बहुपर्यायी प्रश्न. दुसऱ्या टप्प्यात १६ कामं: १२ लेखी, ४ तोंडी. दोन्हींची फी मिळून पाच हजार पौंडांच्या आसपास, क्लासचे पैसे वेगळे. सहा वर्षांत तीनच संधी मिळतात आणि पहिल्या टप्प्यात निम्म्याच्या आसपास लोक नापास होतात, तेव्हा ‘बघू देऊन’ म्हणून बसू नका. आपल्याकडून आलेल्यांना कराराचा कायदा सोपा जातो; अडतं ते इंग्लंडचा जमिनीचा कायदा, ट्रस्ट आणि अशिलाच्या पैशांचे हिशेब यांत. परदेशात वकिलीचा परवाना असलेल्यांना इथली दोन वर्षांची उमेदवारी करावी लागत नाही. दुसऱ्या टप्प्यातून सूट मिळावी म्हणून अनुभवाच्या जोरावर अर्ज करता येतो, पण ती मिळेल असं धरून वेळापत्रक आखू नका.

एमबीएचं खरं मोल पुढे. कंपनी विकत घेण्याच्या करारात किंमतीचं कलम असतं, आणि बहुतेक वकील ते अकाउंटंटने लिहून दिलं तसं चिकटवतात. समजा धंद्याची किंमत ४ कोटी पौंड ठरली, ‘कर्जमुक्त, रोकडमुक्त’ तत्त्वावर, म्हणजे कंपनीचं कर्ज किंमतीतून वजा होतं आणि रोकड मिळवली जाते. निव्वळ कर्ज ६० लाख. खेळतं भांडवल ५० लाख असायला हवं होतं, ताबा घेताना ४२ लाखच निघालं. कर्ज आणि ८ लाखांची ही तूट वजा जाता विकणाऱ्याच्या हाती ३ कोटी ३२ लाख. आता पेन्शनची तूट, न घेतलेल्या रजांचे पैसे, देणं असलेला कर ‘कर्ज’ या व्याख्येत धरायचे की नाहीत? त्या एका व्याख्येवर लाखो पौंड इकडचे तिकडे होतात, आणि व्याख्या लिहिणं हे वकिलाचंच काम. ताळेबंद वाचता येणारा वकील तिथे स्वतः भांडतो. न येणारा फोन लावतो. बँकेच्या कर्जकरारांतही तेच: कर्ज नफ्याच्या किती पट चालेल यावर अट असते, तेव्हा नफ्यातून काय वगळायचं हाच सगळा वाद.

दुसरा उपयोग फर्मच्या आतला. भागीदारी मागायला गेलात की अशील कोण, तीन वर्षांत उत्पन्न किती, हे कागदावर मागतात. १,५०० तास गुणिले ३०० पौंड म्हणजे साडेचार लाख, हे सगळेच मांडतात. प्रत्यक्षात बिलात सूट द्यावी लागते, काही पैसे बुडतात. ८५ टक्के हाती आले तर ३,८२,५००, आणि तेही काम झाल्यावर तीन-चार महिन्यांनी. हा हिशेब मांडता येणाऱ्याचं म्हणणं फर्म ऐकते. भारतात वकील नसलेल्याबरोबर फी वाटून घेता येत नाही. इथे २००७ च्या त्याच कायद्याने बाहेरच्यांना फर्मची मालकी घेता येते, आणि डेलॉइट, ईवाय, केपीएमजी, पीडब्ल्यूसी या चार मोठ्या अकाउंटिंग फर्म्सकडेही कायदेशीर सेवेचे परवाने आहेत. अशा ठिकाणी आणि कंपन्यांच्या जनरल काउन्सेलच्या (कायदा विभागाच्या प्रमुखाच्या) जागांसाठी कायद्याची आणि हिशेबाची, दोन्ही भाषा येणारा माणूस लागतो. पण तुम्हाला फक्त खटले चालवायचे असतील तर एमबीए विसरा. महिनाभराचा हिशेब-वाचनाचा कोर्स पुरेल.

वेळेचा अंदाज लोक हमखास चुकवतात. इथलं एमबीए १८० क्रेडिटचं, म्हणजे धरून चालायचं १,८०० तास. दोन वर्षांत आठवड्याला सतरा तास, एकही सुट्टी न घेता. अडचण अभ्यासाची कमी, गटात करायच्या कामाची जास्त: तुमचा सौदा शुक्रवारी रात्री पक्का होत असतो आणि शनिवारी सकाळी गटाचं सादरीकरण असतं. म्हणून दर महिन्याच्या वीकएंडपेक्षा तीन-चार महिन्यांनी सलग आठवडा भरणारा कोर्स वकिलांना सोयीचा. रजा आधीच टाकता येते. आणि शाळेला, म्हणजे बिझनेस स्कूलला, लेखी विचारा: मध्येच सोडावं लागलं तर ६० क्रेडिटवर सर्टिफिकेट, १२० वर डिप्लोमा देता का? बदलीच्या व्हिसावर हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

फी दूरशिक्षणात बरीच कमी, तर लंडनच्या नावाजलेल्या शाळेत लाख पौंडांच्या वर. शाळेला एएमबीए या एमबीए कोर्स तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का ते बघा. तिथे किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहेच. तुमच्या व्हिसावर सरकारचं पदव्युत्तर कर्ज मिळणार नाही. कामाशी संबंधित शिक्षणाची फी मालकाने भरली तर त्यावर आयकर नाही. तुम्ही पगारातून भरलीत तर करात वजावट मिळणं जवळजवळ अशक्य. म्हणजे मालकाला भरायला लावणं हाच शहाणपणा, आणि त्यासाठी आधी मालक हवा! बदल्यात तो करार पुढे करतो: अमुक काळात नोकरी सोडलीत तर पैसे परत. परतफेड दर महिन्याला कमी होत जाईल, आणि त्यांनीच कामावरून काढलं तर काहीच द्यावं लागणार नाही, ही दोन वाक्यं घालून घ्या. दुसऱ्यांचे करार भिंगातून वाचणारे वकील स्वतःचा मात्र आहे तसा सही करतात.

प्रवेशासाठी बऱ्याच शाळा जीमॅट या प्रवेश परीक्षेऐवजी एक्झिक्युटिव्ह असेसमेंट ही छोटी परीक्षा घेतात: ९० मिनिटं, ४० प्रश्न. गणित दहावीच्या पातळीचं, पण वकिलाचा हात त्यावरून उठलेला असतो. दोन महिने रोज तासभर द्या.

पुणं सोडण्याआधी एक काम. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून गुड स्टँडिंगचं पत्र (सनद चालू आहे, तक्रार नाही असा दाखला) घ्या. पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली की नियमाने सनद स्थगित करावी लागते. पत्र त्याआधी हातात हवं. एलएलबीची ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठातून काढून ठेवा, दोन-तीन जादा प्रती सीलबंद पाकिटात. लंडनमधून कुणा नातेवाइकाला त्या खिडकीपुढे उभं करण्यापेक्षा आत्ताच अर्ज टाका.