तरते, तरंगते की पवणारे?

लातूरहून फार्मसीच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय, ‘फ्लोटिंग मायक्रोस्फिअर्स’ला, म्हणजे जठरातल्या रसावर राहून हळूहळू औषध सोडणाऱ्या बारीक गोलांना, मराठीत काय म्हणावं? आणि ‘कंट्रोल्ड रिलीज’मधल्या ‘कंट्रोल्ड’ला? सरांनी ‘तरणारे सूक्ष्मगोल’ सुचवलं, कुठंतरी ‘प्लावी गोलक’ वाचनात आलं. आजीला ‘पोटात पवणाऱ्या गोळ्या’ म्हणून सांगितलं, तर आजी हसली.

आजीचं हसणं रास्त आहे. आपल्याकडं पवणं म्हणजे हातपाय मारणं. मी पवायला शिकलो ते विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. धडपड सगळी माझी, भोपळा नुसता तरंगायचा. सोडून दिला की पाण्यावर जागच्या जागी डुलत राहायचा. तुमचा मायक्रोस्फिअर म्हणजे हा भोपळाच, फक्त खसखशीहून बारीक.

साम्य वरवरचं नाही. भोपळ्यातला गर वाळतो, आत पोकळी होते, म्हणून तो हलका. इथंही एका पद्धतीत औषध आणि इथाइल सेल्युलोजसारखा पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ) द्रावकात विरघळवून ते मिश्रण कोमट पाण्यात घोटतात. थेंबाला बाहेरून कवच धरतं, आतला द्रावक उडून जातो आणि मागं पोकळी राहते. अशा गोलाची घनता जठरातल्या रसाच्या घनतेहून कमी भरते. रसाची घनता पाण्याच्या आसपास, साधारण १.००४ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरतात. म्हणून गोल वर राहतो आणि औषध तासन्‌तास झिरपत राहतं.

आता ‘तरणारे’. संस्कृत ‘तॄ’ म्हणजे पार जाणं. तीर्थ, तारक, अवतार ही सगळी त्याच घरची. मराठीत ‘तरला’ म्हटलं की आधी ‘वाचला’ असंच ऐकू येतं. तरायचं असतं रोग्यानं, औषधानं नव्हे! शिवाय या गोलांचं सगळं कसब पार न जाण्यात आहे. जठराच्या खालच्या दारातून आतड्यात लवकर सटकू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप. जी औषधं जठरातच काम करतात किंवा आतड्याच्या वरच्या भागातच शोषली जातात, ती पुढं सरकली की वाया. अशा वस्तूला पार जाणाऱ्याचं नाव देणं म्हणजे उलटंच झालं. (‘तरंग’सुद्धा व्युत्पत्तीनं त्याच धातूचा, हे मान्य. पण मराठीनं दोघींच्या चुली कधीच वेगळ्या केल्यात. तरंगणाऱ्याला कुठं पोचायचं नसतं.)

‘प्लावी’ चूक नाही, पण अर्थ सांगायला पुन्हा ‘तरंगणारा’च म्हणावं लागतं. मग थेट तेच म्हणा. ‘पोकळ’ मात्र जोडू नका. ‘बडा घर पोकळ वासा’ म्हणणाऱ्या भाषेत पोकळ औषध कोण घेईल? आणि ‘पोचट’ तर नकोच. बी निवडताना पाण्यावर येणारे पोचट दाणे आपण फेकून देतो.

‘गोळ्या’ही टाळा. गोळी म्हटलं की एकच, पाण्याबरोबर गिळायची, ती डोळ्यांपुढं येते. फायदा नेमका उलट आहे. एकच तरंगती गोळी दारातून निसटली तर सगळं औषध गेलं, गोल शेकड्यांनी असतात, थोडे गेले तरी बाकीचे मागं राहतात. म्हणून माझं मत ‘तरंगते सूक्ष्मगोल’. ‘सूक्ष्मगोल’ जोडूनच लिहा.

राहिलं ‘कंट्रोल्ड रिलीज’, म्हणजे औषध बेताबेतानं सुटणं. त्यातल्या ‘कंट्रोल्ड’साठी प्रबंधात ‘नियंत्रित’ चालेल. पण घरी ठिबक असेल तर आजीला ‘ठिबकसारखं, दमादमानं सुटणारं औषध’ म्हणा, दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही. उपाशीपोटी का चालत नाही, असं तिनं विचारलं तर विहीर दाखवा. पाणीच नसेल तर भोपळा तळाशीच बसणार.