वेब्ली की स्मिथ?

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो पोचले. दोन रिव्हॉल्व्हर, एकच खिसा आणि त्यात आठशे डॉलर. एक ओहायोतल्या दुकानदाराकडची १९१७ सालची वेब्ली मार्क सिक्स, साडेसहाशेला. दुसरा तुझ्या घरापासून वीस मिनिटांवरच्या दुकानातला स्मिथ अँड वेसनचा मिलिटरी अँड पोलीस, पावणेसहाशेला. तुझं मन वेब्लीवर बसलंय हे तू लिहिलेलं नाहीस. पण वेब्लीचे अकरा फोटो पाठवलेस आणि स्मिथचे तीन, त्यावरून कळायचं ते कळलं.

आधी उत्तर सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील: स्मिथ घे.

आता रागावली असशील. वेब्ली मलाही आवडते. १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्यानं ती स्वीकारली. सहा इंची नळी, .४५५ चं जाडजूड काडतूस, वजन किलोच्या वर. डाव्या बाजूचा खटका अंगठ्यानं दाबून नळी खाली मोडली की मधला तारा वर उचलला जातो आणि सहाच्या सहा पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. ते एकदा पाहिलेला माणूस दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय राहत नाही. मी तर एका प्रदर्शनात अर्धा तास तेवढंच करत बसलो होतो; शेवटी टेबलामागच्या म्हाताऱ्यानं विचारलं, घेणार आहेस की नुसताच उघडझाप करणार आहेस?

पण तुझ्या दुकानदाराचा मजकूर पुन्हा वाच. सोबत 'मून क्लिप' फुकट देतो म्हणतोय. त्याला वाटतं ही भेट आहे. मी तिला कबुलीजबाब समजतो. दुसऱ्या महायुद्धानंतर या वेब्ली जहाजं भरभरून अमेरिकेत आल्या. इथे .४५५ ची काडतुसं मिळेनात, पण .४५ एसीपी ही अमेरिकन पिस्तुलाची काडतुसं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायची. म्हणून आयात करणाऱ्यांनी सिलिंडरची, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या नळकांड्याची, मागची बाजू तासून काढली. एसीपीच्या काडतुसाला बाहेर आलेली कड नसते, त्यामुळे ते पत्र्याच्या क्लिपमध्ये अडकवून भरावं लागतं. मून क्लिप ती हीच. मूळ सिलिंडरच्या वेब्लीला तिचा काही उपयोग नाही. जो ती देतो त्याच्या वेब्लीचं सिलिंडर तासलेलं आहे, असंच धरून चाल. खात्रीसाठी त्याला एका ओळीत विचार आणि बाजूनं काढलेला फोटो मागव. सिलिंडरच्या मागे मोठी फट दिसेल.

तासलेल्या वेब्लीच्या दोन अडचणी. पैशाची आधी सांगतो, कारण तू तेच विचारलंयस: संग्राहकाच्या लेखी तिची किंमत तिथेच पडली, आणि ती पुन्हा वर येत नाही. कापलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. दुसरी जास्त गंभीर. दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या .४५ एसीपी काडतुसाचा दाब .४५५ च्या दाबापेक्षा बराच जास्त असतो. काडतूस बसतं, उडतंही, म्हणून लोकांना वाटतं चालतंय. ते काडतूस ज्या बनावटीला कधी अपेक्षितच नव्हतं तिच्यातून ते उडत असतं, आणि प्रत्येक गोळीगणिक बिजागरी, खटका, सिलिंडर सगळं थोडं थोडं सैल होत जातं. शंभर वर्षांच्या म्हातारीकडून दोरीच्या उड्या मारून घेण्यातला हा प्रकार. चालवायचीच तर शिशाच्या गोळीची, हलक्या दाबाची काडतुसं स्वतः भरावी लागतात, आणि तो एक वेगळा छंद आणि वेगळा खर्च.

संगीन मिळते त्याबद्दलही लिहिलं आहेस. प्रिचर्ड नावाच्या कॅप्टननं फ्रेंच ग्रा रायफलच्या संगिनीचं पातं घेऊन वेब्लीसाठी ती बेतली आणि बर्मिंगहॅमच्या ग्रीनर कंपनीनं बनवली, हे खरं. पण ती मुळातच फार थोडी बनली, आणि अधिकारी स्वतःच्या पैशानं घेत. बाजारात दिसतात त्यातल्या बहुतेक नकला. साडेसहाशेच्या वेब्लीबरोबर वरकड म्हणून मिळणारी कशी असेल याचा अंदाज तूच कर.

आता पणजोबांकडे येतो. तू लिहितेस, ते मराठा पलटणीत हवालदार होते, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होते, म्हणून त्यांची आठवण म्हणून वेब्ली. बाळ, वाईट वाटून घेऊ नकोस, पण हवालदाराच्या हाती वेब्ली नव्हती. ती साहेबाच्या कमरेला. हवालदाराच्या खांद्यावर ली-एन्फील्ड रायफल. तिथल्या वेढा पडलेल्या कुत शहरात मराठ्यांच्या पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ च्या अखेरीपर्यंत त्यांनी उपासमार काढली आणि मग कैदेत गेल्या. तुझे पणजोबा त्यांत होते की नंतरच्या फौजेत, हे तुलाही ठाऊक नाही. शिवाय ही वेब्ली १९१७ ची आहे. कुत तोवर होऊन गेलं होतं. फ्रेमवर बाण आहे म्हणतेस. तो ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा शिक्का. मालमत्ता भारत सरकारची असेल तर बाणाखाली इंग्रजी आय दिसतो, आणि तुझ्या अकरा फोटोंत मला तो कुठे सापडला नाही. म्हणजे त्या वेब्लीचा आणि तुझ्या घराण्याचा संबंध तू जोडलास तेवढाच. तो जोडण्याचे साडेसहाशे डॉलर जास्त होतात.

स्मिथचे फोटो तीनच आहेत, पण तिन्ही नीट आहेत. क्रमांक सी अक्षरानं सुरू होतो, म्हणजे १९४८ किंवा त्यानंतरचा. बाजूच्या झाकणाला चार आणि चापाच्या कमानीपुढे एक असे पाच स्क्रू, म्हणजे पन्नासच्या दशकाच्या मध्यापलीकडचा नाही. १९५७ मध्ये कंपनीनं नावांऐवजी आकडे द्यायला सुरुवात केली आणि हाच मिलिटरी अँड पोलीस 'मॉडेल टेन' झाला. त्याचं मूळ १८९९ चं. अमेरिकेतल्या गावोगावच्या पोलिसांच्या कमरेला हाच असायचा, म्हणून कोणाला त्याचं कौतुक नाही, आणि म्हणूनच तो तुझ्या बजेटमध्ये बसतो.

मला त्यात काय आवडलं सांगतो. नळीच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या कडांना निळा रंग उडून पांढरं लोखंड दिसतंय. ती म्यानाची झीज आहे, रोज घालण्या-काढण्याची. बाकी रंग जिथल्या तिथे. घोडा (मागचा, काडतुसावर आपटणारा भाग) आणि चाप यांवर मात्र निळा नाही, तवंगासारखे करडे-तपकिरी ढग आहेत. स्मिथ हे दोन भाग वेगळ्या पद्धतीनं कडक करायचे, त्याचे ते रंग. कोणी रिव्हॉल्व्हर नव्यानं रंगवलं की बहुधा घोडाही निळा करून ठेवतो आणि तिथेच सापडतो. मुठीच्या लाकडी फळ्यांवर स्क्रूभोवती हिऱ्याच्या आकाराची कोरी जागा आहे, तीही त्या काळाला धरून आहे.

हे मी फुकट शिकलेलो नाही. १९८६ साली, इथे येऊन बारा वर्षं झाली होती, ह्यूस्टनच्या एका प्रदर्शनात मी कोल्ट ऑफिशियल पोलीस घेतला. आरशासारखा चकचकीत. विकणारा म्हणाला, कपाटातच राहिला, कधी वापरलाच नाही. मी घरी आणून बायकोला दाखवला. तिनं भिंग न लावता विचारलं, "यावरचा घोडा असा झोपल्यासारखा का दिसतो?" कोल्टच्या बाजूला दोन पायांवर उभा राहिलेला घोडा कोरलेला असतो. माझ्यावरचा घोडा आठवडाभर वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखा विरघळला होता. कोणीतरी गंज काढायला पॉलिशच्या चाकावर धरला होता आणि वरून रंग दिला होता. अक्षरांच्या कडा गोल, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे. विकायला काढला तेव्हा घातले त्याच्या निम्मे आले. चकाकीचे पैसे मी मोजले होते, तिचेच गेले.

तर शनिवारी दुकानात जाशील तेव्हा घाई करू नकोस. दुकानदाराला विचारूनच हात लाव. सिलिंडर उघडून रिकामं आहे हे डोळ्यांनी बघ आणि त्यालाही दाखव. सिनेमातल्यासारखं मनगटाच्या झटक्यानं बंद करायचं नाही. त्यानं सिलिंडरचा दांडा वाकतो, आणि दुकानदारालाही लगेच कळतं की गिऱ्हाईक नवखं आहे. परवानगी मागून घोडा अंगठ्यानं अगदी सावकाश मागे ओढ. तो पूर्ण चढायच्या आत किंवा चढता चढता सिलिंडर जागेवर अडकल्याचा टिक् आवाज आला पाहिजे. सिलिंडरमधल्या काडतुसांच्या सहाही घरांना हे करून बघ. एखाद्या घराला घोडा चढूनही सिलिंडर अर्धवट राहिलं, तर दुरुस्ती निघणार. मग घोडा चढलेला असताना मागून अंगठ्यानं बेतानं ढकल. सुटून पडला तर ते रिव्हॉल्व्हर तिथेच ठेवून घरी ये. शेवटी सिलिंडर पुन्हा उघडून नळीत मागच्या बाजूनं पांढरा कागद धर आणि नळी आतून कशी आहे ते पुढून बघ.

क्रमांक तीन ठिकाणी पडताळ: मुठीच्या बुडाशी, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या सपाट भागावर. तिन्ही एकच हवेत. दुकानदार मुठीचा स्क्रू काढू देत असेल तर उजव्या फळीच्या आतही बघ. त्या काळातल्या पुष्कळ मुठींवर आतून तोच क्रमांक लिहिलेला असतो. तिथेच फ्रेमवर छोटा तारा किंवा महिना-वर्षाचा शिक्का दिसला तर ते कधीतरी कंपनीत दुरुस्तीला परत गेलं होतं. दोष नाही, पण भाव करताना बोलायला उपयोगी. पुढे कधी हौस वाटली तर स्मिथच्या हिस्टॉरिकल फाउंडेशनकडून, पैसे भरून, ते कोणत्या तारखेला कुठे पाठवलं होतं याचं पत्र मागवता येतं. वेब्लीच्या बाणापेक्षा ते पत्र तुला जास्त काही सांगेल.

तुझा तो मित्र साडेतीनशेचं 'व्हिक्टरी' सुचवतोय, त्याला नको म्हण. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी बनलेली ती स्मिथ पाच लाखांहून जास्त होती, पण त्यांचं काडतूस वेगळं, आखूड आणि किंचित जाड. नंतर व्यापाऱ्यांनी त्यांची घरं खोलवर कोरून त्यात .३८ स्पेशल हे लांब काडतूस घातलं. पुंगळी फुगते, कधी फाटते. पुन्हा तीच तासलेल्या वेब्लीची गोष्ट.

ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत थांबलीस हे फार बरं केलंस. एच-वन व्हिसावर, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक जवळ ठेवणं हाच इथे केंद्रीय गुन्हा आहे, आणि पुष्कळ मुलांना ते माहीतच नसतं. १८९८ पर्यंतचं हत्यार कायद्यानं 'अँटिक' ठरतं. तुझी दोन्ही त्यानंतरची, म्हणजे दुकानात बंदूकखरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरायचाच. वेब्लीला तर ओहायोहून तुझ्याकडच्या लायसन्सवाल्या दुकानात मागवण्याचा खर्च आणि त्या दुकानाची फी आणखी वर, आणि तेही हात न लावता, नुसत्या फोटोंवर विसंबून. संग्राहकांसाठी तीन वर्षांना तीस डॉलरचं वेगळं लायसन्स असतं, पन्नास वर्षांहून जुन्या मालाचं, पण पहिल्याच खरेदीला त्याच्या मागे लागू नकोस. दोनचार जमली की बघू.

आणि निवृत्तीनंतर साताऱ्याला नेईन वगैरे डोक्यात असेल तर ते काढून टाक. तिकडे सैन्याची .३८, .४५५ ही मापं निषिद्ध धरतात; साध्या लायसन्सवर मुख्यतः मिळतं ते .३२. गंमत म्हणजे कानपूरला बनणारं .३२ हे वेब्लीच्याच मार्क फोरवरून बेतलेलं आहे. म्हणजे वेब्ली हवीच असेल तर ती तिकडेच आहे.

पावणेसहाशे मागितलेत, पाचशे चाळीसला दे म्हणून बघ. उरतील त्यातून आधी भिंतीला बोल्ट लावून बसवायची कुलपाची पेटी. तुझ्याकडे रूममेट आहे, तिचा भाचा येतो. पेटीशिवाय रिव्हॉल्व्हर घरात आलं तर मी पुढचं पत्र तुला लिहिणार नाही, तुझ्या आईला लिहीन.

आईवरून आठवलं. तिला फोन करून विचार, गावच्या ट्रंकेत पणजोबांचं पदक आहे का. रुपयापेक्षा मोठं, चांदीचं, एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस. पहिल्या महायुद्धातल्या त्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. घासून उजळवू नका म्हणावं. तिरक्या उजेडात कडेचा फोटो काढ आणि मला पाठव. पलटणीचा आकडा कळला की बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरला काय विचारायचं ते आपण मिळून लिहू.

शनिवारी दुकानातून फोन कर. मी अकरापर्यंत घरीच आहे.

तुझा,
काका