'इंजील' म्हणजे बायबल नव्हे

विचारणा अशी : "ख्रिस्ती प्रचारक मुसलमानांशी बोलताना 'शुभवर्तमान' न म्हणता 'इंजील' म्हणतात. इंजील म्हणजे अरबीत बायबलच ना? शब्द इंग्रजी 'एंजल'वरून आला का? मराठीत लिहिताना वापरावा का?"

'बायबलच ना' ऐकून ऐकून कान किटले. नाही! कुराणात तौरात (मोशेची), जबूर (दाविदाची) आणि इंजील हे वेगवेगळे ग्रंथ आहेत. इंजील ईसांना, म्हणजे येशूला, मिळालेली, आणि एकच. ख्रिस्ती माणसाकडे शुभवर्तमानं चार : मत्तय, मार्क, लूक, योहान. ती येशूवर उतरलेली नाहीत, येशूविषयी लिहिलेली आहेत. उर्दूभाषक ख्रिस्ती 'इंजील-ए-मुकद्दस' म्हणतात ते बहुधा अख्ख्या नव्या कराराला, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाला. सबंध बायबलला त्यांचा शब्द 'किताब-ए-मुकद्दस'. म्हणजे शब्द एक, पण बोलणारा आणि ऐकणारा दोन निराळ्या पुस्तकांविषयी बोलतायत.

आता व्युत्पत्ती. जुन्या अरबी कोशकारांनी इंजील हा न-ज-ल या धातूतून ओढून काढला. नज्ल म्हणजे संतती, बाहेर काढणं वगैरे. बाराव्या शतकातल्या जमख्शरी या कुराणभाष्यकाराने तेव्हाच सांगून ठेवलंय की हा शब्द परका आहे, अरबी धातू चिकटवणं ही ओढाताण आहे. तरी आजही लोक धातू चिकटवतातच. मूळ ग्रीक 'एवांगेलिऑन'. त्यावरून इथिओपियाच्या गीझ भाषेत 'वंगेल', आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते तिथून अरबीत इंजील. इंग्रजी 'एंजल' हा ग्रीक 'आंगेलोस'चा, म्हणजे निरोप्याचा, वंशज, आणि एवांगेलिऑनच्या पोटातही हाच आंगेलोस आहे. तेव्हा इंजील आणि एंजल चुलत भावंडं; एकापासून दुसरा झालेला नाही. दोघांतला 'ज'सुद्धा निव्वळ योगायोग. ग्रीकात 'ग'च होता. अरबीने आपल्या वाटेने त्याचा ज केला, फ्रेंच-इंग्रजीने आपल्या. कैरोत मात्र आजही 'इंगील' म्हणतात, कारण तिथे ज चा उच्चारच ग होतो. फिरून फिरून ग्रीकापाशी!

आणि एवांगेलिऑनचा जुना अर्थ 'चांगली बातमी' नव्हताच. बातमी आणणाऱ्याला द्यायचं बक्षीस, हा होता. होमरच्या ओडिसीत भिकाऱ्याच्या वेषातला ओडिसियस आपल्याच डुकरं राखणाऱ्या गड्याला सांगतो, तुझा धनी परत येणार, आणि आला की माझं एवांगेलिऑन म्हणून अंगावर घालायला चांगली वस्त्रं दे. आपण म्हणतो ना, 'तुझ्या तोंडात साखर पडो'? तीच ही साखर. बक्षिसाचा अर्थ पुढे बातमीवर सरकला. इ. स. पूर्व 9 मधल्या प्रिएनेच्या शिलालेखात सम्राट ऑगस्टसच्या जन्माला याच शब्दाने गौरवलंय. 'शुभवर्तमान' करणाऱ्याने वर्तमान घेतलं, साखर ग्रीकातच राहिली.

आंगेलोस कुठून आला? ग्रीक कोश हात वर करतात. मी करत नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इराणी बादशहाच्या घोडेस्वार डाकेला 'आंगारेइऑन' म्हणतो. हे डाकवाले वाटेत माणसं-जनावरं जबरदस्तीने कामाला धरत, त्यावरून ग्रीकात 'वेठीस धरणे' असं क्रियापद झालं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, कोणी वेठीस धरून एक कोस नेलं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा, या वचनात तेच क्रियापद आहे. आंगारोस (म्हणजे तो डाकस्वार) आणि आंगेलोस हे एकाच पौर्वात्य शब्दाचे दोन उच्चार असावेत, असं माझं मत. सिद्ध झालेलं नाही, कबूल. आपल्याकडच्या उत्साही मंडळींना मात्र अंगिरस ऋषीच हवे असतात. अग्नी हा देवांचा दूत आणि ऋग्वेदात त्याला अंगिरसही म्हटलंय, इतकं खरं. पण तेवढ्यावर ग्रीसपर्यंत उडी? माझ्या बाजूला निदान घोडा तरी आहे.

प्रचारकांकडे वळू. मुसलमानांपुढे हा शब्द वापरणं ही आजची टूम नाही. 1579 मध्ये गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री 1580 मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराकडे पोचले. त्यांनी बहुभाषी बायबलचे खंड नजर केले, तेव्हा बादशहाने इंजील कोणत्या खंडात आहे ते विचारून त्याला अधिक मान दिला. अबुल फजलला तिचं भाषांतर करायला सांगितल्याचं अकबराच्या दरबारातला इतिहासकार बदायुनी नोंदवतो. 'इंजील' हाच त्याचा शब्द. प्रचारकाची सोय उघड आहे : कुराणानेच जिला मान दिला तीच आणलीय, असं त्याला म्हणता येतं. पण अडचणही तीच. 1854 च्या एप्रिलमध्ये आग्र्याला जर्मन मिशनरी फांडर आणि मुसलमान विद्वान रहमतुल्ला कैरानवी यांचा जाहीर वाद झाला, तो यावरच घसरला. कैरानवींचं म्हणणं, कुराणातली इंजील ही नव्हे, यात 'तहरीफ' म्हणजे फेरफार झालाय. हस्तलिखितांत काही ठिकाणी पाठभेद आहेत हे फांडरला मान्य करावं लागलं; मूळ शिकवण शाबूत आहे, एवढं तो म्हणत राहिला. (तहरीफ आणि मोडी कागदांतला आपला 'हरफ' एकाच धातूचे. त्यावर पुन्हा कधीतरी.)

मराठीत वापरा की. मुसलमानांच्या श्रद्धेतला ग्रंथ अभिप्रेत असेल तिथे इंजील, मत्तय-मार्कांचं पुस्तक असेल तिथे शुभवर्तमान, आणि 'बायबल' दोन्हीकडे नको. लिहिताना 'जी' दीर्घ, वकील-दलीलसारखी. उर्दूत शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'इंजील वाचली'.